सळईला ऐकू येणारं झाड

तुमच्या दारातल्या झाडाच्या गळ्याशी सिमेंट कोणी ओतलं? चिखल नको म्हणून तुम्हीच सही केली होती ना?

मग कानमामांचं ऐका. नळखात्यात तीस वर्षं त्यांचं काम एकच: लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खाली पाइप कुठे गळतोय ते सांगायचं. मामी म्हणतात, "यांना पाताळातलं ऐकू येतं. मी हाक मारली की ठार बहिरे!"

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत त्यांनी एक गळती पकडली. खणलं, तर पाइपच्या सांध्याला केसांसारख्या मुळांची घट्ट मिठी. झाड चाळीस फुटांवर. सिमेंटमुळे पावसाचा थेंब आत जात नव्हता. ओलीच्या मागावर मुळं तिथवर सरपटत आली होती. मामांनी ती कोयत्याने छाटली, सांधा बंद केला. साहेबांनी पाठ थोपटली.

मुळं कोरडी पडली की वर निरोप धाडतात. पानं आधी तोंडं मिटतात, मग गळतात. त्या उन्हाळ्यात झाड बोडकं झालं. पुढच्या वर्षी कापून नेलं.

तेव्हापासून तिथे सळई टेकवली की मामांना आवाज येतो. पाण्याचा नाही, कोणी रिकामा पेला चोखत बसावं तसा. दोनदा खणायला लावलं. पाइप धडधाकट, माती कोरडी. मुकादम हसला, "मामा, कान बदलून घ्या."

समोरचं दुसरं झाड अजून हिरवं आहे. त्याच्याही गळ्याशी सिमेंट, पण खाली सांधा गळतोय, त्यावर ते जगतंय. चार महिने मामा वहीत लिहितायत, 'आवाज नाही.' तीस वर्षांतलं पहिलं खोटं.

परवा माझ्या पायरीवर येऊन बसले. सळई मांडीवर आडवी.

"ताई, वरच्या मजल्यांवर पाणी चढत नाही. म्हाताऱ्या बायका बादल्या वाहतात. सोमवारी खरं लिहितो. सांधा बंद होईल, मग हेही झाड चोखायला लागेल."

"आधीच सिमेंट फोडलं तर?"

"जगेल कदाचित. पण माझं ऐकतंय कोण?"

डोकं फिरलं माझं. सिमेंट फोडायचा अर्ज मी पालिकेत केलाय. उत्तर येईपर्यंत थांबायला झाडाला फुरसत नाही.

रविवारी सकाळी सातला या. बुंध्याभोवतीचं चार हात सिमेंट फोडायचंय. पहार असेल तर पहार आणा, नसेल तर भरलेली बादली.