मैत्रिणीचं आहे, जरा बघता का?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू रोज हरवतात आणि किस्से रोज वाढतात. स्क्रू शोधायला निदान चुंबक तरी असतं, किस्से ठेवायचे कुठे हा प्रश्न आहे. अंबाजोगाईत शबाना आणि मी मिळून हे दुकान चालवतो. दोघी बायका, म्हणून गिऱ्हाइकंही बहुतेक बायकाच. डॉक्टरणीला सांगणार नाहीत ते आम्हाला सांगतात, कारण त्यांचा फोन आमच्या हातात असतो आणि फोनची गॅलरी आम्ही बघू शकतो.

बघू शकतो, पण बघत नाही. मला याचा इतका गर्व आहे की हे बोर्डावरच रंगवून घ्यायचं मी ठरवलं होतं. शबानानं अडवलं. म्हणाली, "बगत न्हाई असं लिवलं की लोकांच्या ध्यानात येतंय, म्हंजी बगता येतंय."

पुढचं सगळं ज्याचं त्याला विचारूनच सांगते आहे. नावं, नाती, गल्ल्या फिरवल्या आहेत. जुळवायला बसू नका, जुळणार नाही.

* * *

आमच्या दुकानात पासवर्ड गिऱ्हाइकानं स्वतः टाकायचा आणि तेवढा वेळ आम्ही दोघींनी वर पंख्याकडे बघायचं, ही पहिल्या दिवसापासूनची पद्धत.

धर्मापुरीच्या एक कमळबाई आल्या. त्यांच्या फोनचं अकाउंट पूर्वी दुसऱ्या कुठल्यातरी दुकानात काढलेलं. त्या दुकानदारानं नंबर स्वतःचा दिलेला आणि पासवर्डही स्वतःचाच ठेवलेला. म्हणजे घर बाईंचं आणि किल्ली त्याच्या खिशात. आम्ही सगळं बदलून दिलं. कमळबाईंनी नवा पासवर्ड टाकला, आम्ही पंखा बघितला.

दुसऱ्या दिवशी बाई परत हजर. "माझा पासवर्ड काय हाय वं?"

"आमाला काय म्हाईत, मावशी? तुमीच टाकला."

"तुमाला म्हाईत न्हाई?" त्यांनी दुकानभर नजर फिरवली. "मग येवढं दुकान कावून उघडून बसल्यात?"

आता त्याच कमळबाई धर्मापुरीच्या निम्म्या बायका आमच्याकडे पाठवतात. शिफारस करताना सांगतात म्हणे, "जावा तिकडं. त्यास्नी काहीच म्हाईत नसतंय."

* * *

एक पुढारी आले. घरात कॅमेरे बसवलेले, अंगणात, स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीतही. कारण काय, तर सुरक्षा. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, त्यांच्या फोनची स्क्रीन फुटली होती म्हणून. पुढारी काउंटरवर कोपर टेकवून सांगू लागले, "आमच्या घरात मुंगी शिरली तरी मला मुंबईत बसून दिसती."

शबाना काच काढत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेब, तुमाला दिसती, ते ठीक हाय. आजून कुनाला दिसती?"

"कुनाला दिसनार? आमच्या पोरांनी बशिवलंय सगळं."

"बघू का?"

त्यांनी रुबाबात फोन पुढे केला. ॲपमध्ये कोणाकोणाला बघायची परवानगी आहे, ते पान तिनं उघडून त्यांच्याच हातात दिलं. पुढारी नावं वाचत बोटानं पान वर सरकवत राहिले. कार्यकर्ते, कार्यकर्त्यांचे मित्र, सोडून गेलेला ड्रायव्हर. आणि मागच्या निवडणुकीत समोरच्या पार्टीत गेलेला एकजण, तोही होता. साहेब स्टुलावर बसले.

वहिनींनी त्या यादीवरून नजर फिरवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "तरीच. ती पोरं मला कसं इचारत होती, वैनी, रात्री झोप लागली न्हाई का म्हून."

झोपायच्या खोलीतला कॅमेरा वहिनींनी त्याच दिवशी स्वतःच्या हातानं काढला आणि आमच्या काउंटरवर आणून ठेवला. हा किस्सा सगळ्यांना सांगा, असं वहिनींनीच मला बजावलंय.

* * *

आमच्या दुकानात येणाऱ्या अर्ध्या वस्तू कुणाच्यातरी मैत्रिणीच्या असतात. रेखाचाही पहिला फोन तसाच. आवाज अगदी बारीक. "मैत्रिणीचं आहे, जरा बघता का? मसाजचं मशीन आहे. आपोआप चालू होतंय."

"आणा की."

"आणता नाही येणार."

मग मला कळलं, कसलं मशीन आणि कुठली मैत्रीण. चार दिवस ती आमच्या दुकानावरून नुसतीच ये-जा करत होती. पाचव्या दिवशी आत आली, तेव्हा शबानानं काही न विचारता शटर अर्धं खाली ओढलं आणि चहा सांगितला.

रेखाचा नवरा पुण्यात नोकरीला. ती सासूजवळ इथे. दोघांनी मिळून ठरवून ऑनलाइन एक व्हायब्रेटर मागवला होता. दोघांच्या फोनवर ॲप, नवरा पुण्यातून तो चालवू शकतो. यात लाजण्यासारखं काही नाही, नवरा-बायकोचा मामला आहे. अडचण पुढे होती. ते यंत्र भर दुपारी कपाटात, साड्यांच्या घडीत, आपोआप गुरगुरायला लागलं. सासू म्हणाली, कपाटात उंदीर झालेत. रेखाला वाटलं, नवराच न विचारता चालू करतोय, मजा म्हणून. तो शपथा घेऊन नाही म्हणत होता. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"तो खोटं बोलतोय का एवढंच मला कळायला पाहिजे," ती म्हणाली. "आणि सासूबाईंना कळलं तर मला माहेरचाच रस्ता. या दुकानाबाहेर एक शब्द गेला तर मी संपले."

आम्ही ॲप उघडून बघितलं, म्हणजे तिनं उघडलं आणि आम्हाला दाखवलं. ॲपनं मायक्रोफोन, फोटो, लोकेशन सगळं मागून घेतलेलं. शबाना चिडली. "ह्याला लोकेशन कावून पाहिजे? कपाटातच तर हाय."

सगळ्या परवानग्या काढल्या. दर वेळी तिला विचारल्याशिवाय पुण्याहून काही चालू होणार नाही, अशी एक सोय ॲपमध्ये होती. ती बंद होती, तिच्याकडून चालू करून घेतली. पण दुपारी कोण चालवतं, ते काही कळेना. नवऱ्याच्या नावावर त्या दुपारची नोंदच नव्हती.

* * *

त्याच आठवड्यात गणपतभाऊ आला. मंडप आणि साउंड भाड्यानं देतो, स्वभावानं गरीब माणूस. "ताई, नवा ब्लूटूथ स्पीकर घेतलाय. कनेक्ट हुतो, पन आवाज येत न्हाई."

"दाखवा बरं."

त्यानं फोनवरची यादी दाखवली. स्पीकरचं नाव होतंच. त्याच्या वर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असलेलं एक विचित्र नाव होतं. तेच नाव मी दोन दिवसांपूर्वी रेखाच्या ॲपमध्ये बघितलं होतं.

मी शबानाकडे बघितलं. शबाना माझ्याकडे बघेना.

"हे कुठं सापडलं, भाऊ?" मी विचारलं.

"घरी. दुपारच्याला स्पीकर टेस्ट करतो न्हवं, परसात. हे वरचं दाबलं की लगेच कनेक्ट हुतंय, पासवर्ड बी मागत न्हाई. एक ॲप बी डाऊनलोड करा म्हनलं, केलं. त्यात आवाजाची पट्टी हाय. घंटाभर फुल दिलता, ताई. काहीच न्हाई."

शबाना पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण हसू लगेच गेलं. कपाटात होतं म्हणून निभावलं. नसतं तर? रेखाच्या आणि भाऊच्या घरात एकच भिंत, पलीकडच्या माणसाला आपण काय करतोय याचा पत्ताही नाही. एवढं महागाचं यंत्र बनवणाऱ्यांना त्याला साधं कुलूप घालावंसं वाटलं नाही, याचा मला संताप आला. आमच्याकडे शेळ्यांच्या गोठ्यालाही कडी असते.

गणपतभाऊच्या फोनमधून ते नाव आणि ते ॲप काढून टाकलं. तो विचारू लागला, "मग ते हाय कुनाचं?"

शबाना बाहेर येत म्हणाली, "ज्याचं हाय त्याचं. तुमचं न्हाई, तवा परत दाबायचं न्हाई."

भाऊला अजूनही माहीत नाही. किस्सा सांगायची परवानगी मात्र त्यानं दिली आहे, स्पीकरचा किस्सा म्हणून.

रेखाला बोलावून सांगितलं की वापर झाला तरी यंत्राचा दिवा चालूच राहत होता आणि दिवा चालू असेपर्यंत ते जवळच्या कुठल्याही फोनला हो म्हणतं. बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरायचं. कोणाच्या फोननं चालू झालं ते सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

"म्हणजे तो खोटं बोलत नव्हता," ती म्हणाली आणि तिथेच पुण्याला फोन लावला. आम्ही दोघी उगाच बाहेर जाऊन रस्त्यावरची रहदारी बघत उभ्या राहिलो.

* * *

आणि मग एका मंगळवारी रेखाची सासू दुकानात आली. घाटनांदूरकडची बाई, उभा जन्म जनावरं राखण्यात गेलेला, आवाज शिवारभर जाईल असा. स्टुलावर बसली आणि सरळ विचारलं, "माझी सून हितं आलती. कावून आलती?"

रेखाचा चेहरा डोळ्यासमोर उभा राहिला.

शबाना म्हणाली, "मावशी, गिऱ्हाइकाचं काम आमी सांगत न्हाई."

"मी सासू हाय तिची."

"तरी न्हाई."

"शटर खाली वढून बसल्या हुत्या म्हनं. काय हुतं त्या फोनात?"

"आमी सांगत न्हाई."

"पोराला फोन लावून देते. त्यो तिचा नवराच हाय. त्यानं सांग म्हनलं तर?"

"त्यांनी सांगितलं तरी न्हाई. तिनं सांगितलं तर सांगू."

म्हातारीनं आवाज चढवला. बाजूचा झेरॉक्सवाला डोकावला. "उद्या गल्लीत सांगते, हितं बायका लपून काय काय करत्यात ते. एक गिऱ्हाईक यायचं न्हाई तुमच्याकडं. दुकान बंद पडंल, कळतंय का?"

शबानानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "पडू द्या, मावशी. बंद करू. पन सांगनार न्हाई."

इतकी वर्षं मी तिच्याबरोबर काम करते, पण त्या क्षणी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

म्हातारी आमच्या दोघींच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग उठली, दारापर्यंत गेली, झेरॉक्सवाल्याला "जा बे आपल्या कामाला" म्हणाली आणि शटर अर्धं खाली ओढून परत स्टुलावर येऊन बसली. कमरेची पिशवी सोडून तिनं स्वतःचा फोन काढला, पदरानं पुसला आणि काउंटरवर ठेवला.

"आता ह्यो बगा," ती हळूच म्हणाली. "आनि माझ्या सुनंला सांगायचं न्हाई."