बोंबलावरचे दोन हजार शब्द

मुलगी शिकायला आयर्लंडला गेली तेव्हा मी चार याद्या केल्या होत्या. एक बॅगेची, एक कागदपत्रांची, एक तिथे उतरल्यानंतरच्या पहिल्या आठ दिवसांची. चौथी माझ्यासाठी होती: तिला रोज काय विचारायचं त्याची. जेवलीस का, मोजे वाळले का, वर्गात कोणाशी बोललीस का. ही यादी मी नवऱ्यालाही दाखवली नव्हती, पण त्याला ती पाठ झाली होती. मी फोन उचलला की तो पेपरामागून म्हणायचा, "आधी मोजे विचार."

फोन संध्याकाळी साडेसहाला व्हायचा. भाईंदरला गोडदेवमध्ये आमच्या घरात चार ते साडेसहा आठवी-नववीची शिकवणी असते आणि सातला दहावीची मुलं येतात. मधला अर्धा तास तिचा. तिच्याकडे तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ असायची. ती अन्नप्रक्रियेचा एक वर्षाचा कोर्स करत होती. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून डबा खाता खाता ती सांगायची आणि मी चटया गुंडाळत ऐकायचे.

चार मुलींच्या घरात फ्रीज एकच, त्यातला एक कप्पा हिचा. गरम पाणी हवं तर अर्धा तास आधी बटण लावायचं आणि आठवणीने बंद करायचं. विसरलं की स्वयंपाकघरात चिठ्ठी लागते, नाव न घालता, पण कोणासाठी ते सगळ्यांना कळतं. पाऊस आडवा येतो, त्यामुळे मी दिलेल्या दोन्ही छत्र्या पहिल्याच आठवड्यात मोडल्या. आणि प्राध्यापकांना नावाने हाक मारायची असते. ते हिला जमेना.

"मग काय म्हणतेस त्यांना?" मी विचारलं.

"काहीच नाही. समोर जाऊन उभी राहते. कधीतरी बघतातच."

नोव्हेंबरात एक दिवस तिने फोन केला तेव्हा डबा उघडलेला नव्हता.

"आई, मला समितीसमोर बोलावलंय."

मी चटई खाली ठेवली. तिने सांगितलं ते असं. पहिला निबंध दोन हजार शब्दांचा होता, अन्न टिकवण्याच्या कुठल्याही एका पद्धतीवर. तिने उन्हात वाळवण्याची पद्धत घेतली आणि निबंध दिला. कॉलेजात निबंध संगणकातून तपासतात. संगणकाने दाखवलं की निम्म्याहून जास्त मजकूर एका पाठ्यपुस्तकातला आहे, आणि त्या पुस्तकाचा उल्लेख कुठेच नाही.

"पण तू बघून लिहिलं नाहीस ना?"

"पुस्तक मिटून लिहिलं गं. पाठ होतं."

"मग झालं तर. तसं सांग त्यांना."

"आई, तेच तर. जसंच्या तसं पाठ होतं. इथे त्याला चोरी म्हणतात. वर्गातला एक जण म्हणाला, गेल्या वर्षी एकाला यावरून घरी पाठवलं होतं."

अठरा वर्षं मी शिकवणी घेतेय. पुस्तकातलं वाक्य हलवायचं नाही, हे मी प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगते. मनाचं लिहिलंत की मार्क गेले. मुलगी याच हॉलमध्ये, याच मुलांच्या रांगेत बसून शिकली आणि सगळ्यांत चोख पाठ तिचंच असायचं. मी तिला उलट क्रमानेही मुद्दे म्हणायला लावायचे. ज्या सवयीसाठी मी तिची पाठ थोपटली होती, तिच्यासाठी आता तिला कोणीतरी टेबलापलीकडून प्रश्न विचारणार होतं.

मला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. मी कॉलेजला ईमेल लिहिली: आमच्याकडे शिकण्याची पद्धत कशी असते, यात दोष माझा कसा आहे, मुलगी किती प्रामाणिक आहे. दोन दिवसांनी तीन ओळींचं सभ्य उत्तर आलं. विद्यार्थिनी सज्ञान असल्यामुळे आम्ही पालकांशी चर्चा करू शकत नाही.

"ती चोवीस वर्षांची आहे," नवरा म्हणाला. "तिच्या कॉलेजात जाऊन तू प्रगतिपुस्तकावर सही करणार काय?"

मग मी दुसरा मार्ग धरला. समितीपुढे मुलीला स्वतःचं म्हणणं लेखी द्यायचं होतं. ते मी लिहून काढलं, क्रमवार, आठ परिच्छेद, आणि तिला पाठवलं. तिचा फोन लगेच आला.

"आई, हे मी देऊ शकत नाही."

"का? चुकलंय का काही?"

"छान आहे. पण सगळं तुझं आहे. ज्याच्यासाठी पकडलं तेच परत करू?"

मग ती हसली, बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, "माझं मी लिहिते. तुला नंतर दाखवते." नंतर म्हणजे देऊन झाल्यावर, हे मला मागाहून समजलं.

समितीत तीन जण होते. त्यांनी तिला पाणी दिलं आणि ओरडले वगैरे नाहीत, याचीच तिला जास्त भीती वाटली. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, उन्हात वाळवलेलं अन्न तू कधी पाहिलंयस का? तेव्हा हिने उत्तनचं सांगितलं. आम्ही परळहून भाईंदरला आलो ती लहान असताना. सुट्टीत जवळच उत्तनच्या किनाऱ्यावर जायचो, तिथे वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांखालून ती पळायची. बाई म्हणाल्या, मग हे निबंधात का नाही?

"मी म्हटलं, ते पुस्तकात नव्हतं," मुलीने मला सांगितलं.

तिला एक संधी मिळाली. दहा दिवसांत नवा निबंध. जे पाहिलं ते लिहायचं, जे दुसऱ्याकडून घेतलं ते कोणाकडून घेतलं हे सांगायचं. कितीही चांगला झाला तरी पास होण्यापुरतेच मार्क. नाही जमला तर विषय गेला, आणि विषय गेला की कोर्स गेला.

"उत्तनला जाशील?" तिने विचारलं.

हे माझ्या हातातलं काम होतं. रविवारी सकाळची बस धरून मी निघाले, वहीत अकरा प्रश्न घेऊन. किनाऱ्यावर एक साठीची कोळीण बोंबील अडकवत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत गुंतवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, असं भराभर चाललं होतं. मी ओळख सांगितली, मुलीचं सांगितलं.

"बोंबील शिकाया परदेशात गेली?" ती म्हणाली. "हितं फुकट शिकवलं असतं."

मी पहिला प्रश्न विचारला: तापमान किती लागतं?

तिने माझ्या वहीकडे पाहिलं. "तापमान ठावं न्हाय. हात लावून बघतो."

"किती दिवस लागतात?"

"तीन दिस. मळभ आलं तर पाच. हातात घेतला का काडीवानी वाजला पायजे."

"म्हणजे कडक ऊन असेल तर लवकर?"

"ऊन न्हाय ग बाय. वारा सुकवतो. नुसतं कडक ऊन पडलं, वारा न्हाय, तर वरनं सुकतो आन् आतनं नासतो. खाऱ्या वाऱ्याकडं तोंड करून दोरी बांधतो आम्ही."

अकरा प्रश्न अर्ध्या तासात झाले. तिने मला चार जोड्या अडकवायलाही लावल्या. त्यातल्या तीन खाली पडल्या. "तुझी पोरगी तुझ्यावर गेली नसल म्हंजे बरं," ती म्हणाली.

घरी येऊन मी सगळं नीट केलं. साहित्य, कृती, कालावधी, काळजी, असे मथळे देऊन दीड पानात मुलीला पाठवलं. साडेसहाला फोन आला.

"आई, हे पुन्हा पुस्तकासारखंच झालंय. ती बाई काय बोलली? तिच्या शब्दांत सांग."

मी आठवेल तसं बोलून दाखवलं. काडीवानी वाजला पायजे, आतनं नासतो, सगळं. वाऱ्याचं ऐकल्यावर तिने मला थांबवलं.

"हे वाऱ्याचं तुझ्या कागदात कुठेय?"

मी कागद पाहिला. नव्हतं. विसरले नव्हते, गाळलं होतं. तिच्या पहिल्या निबंधात, म्हणजे त्या पुस्तकात, सूर्याच्या उष्णतेने वाळतं असं होतं. कोळणीचं म्हणणं त्याच्याशी जुळेना, म्हणून ते काढून टाकलं. मी तिला तसंच सांगितलं.

ती रागावली नाही. "मीही तेच केलं असतं," म्हणाली. "आई, मला याच्यावरच लिहायचंय. पण तिचं नाव घालावं लागेल. विचारशील का? घातलेलं चालेल का म्हणून?"

दुसऱ्या दिवशी आठवी-नववीच्या मुलांना सुट्टी दिली. अठरा वर्षांत अशी सुट्टी मी दोनदाच दिली असेन. उत्तनला जाऊन कोळणीला सांगितलं की मुलीच्या निबंधात तुमचं नाव छापायचंय, कारण वाऱ्याचं तुम्ही सांगितलंत.

"समदे जानतात ते," ती म्हणाली.

"तिथे नाही जाणत. आणि तुम्ही सांगितलं म्हणूनच तिला लिहिता येईल."

तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. "लिव मंग. माझंच लिव. नवऱ्याचं लावू नको, तो कदी दोरी बांधाया न्हाय आला."

निबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. मला वाचायला मिळाला नाही आणि मी मागितलाही नाही. मागायचा नाही, असं वहीत लिहून ठेवलं होतं. निकालापर्यंत फोनवर आम्ही मोज्यांवर बोललो, पाण्याच्या बटणावर बोललो. नवरा पेपर उलटाच धरून ऐकायचा.

निकाल तीन आठवड्यांनी आला. फोन साडेसहालाच आला, नेहमीसारखा.

"चाळीस," ती म्हणाली. "चाळीसच्या वर देणारच नव्हते. राहतेय मी, आई."

नवऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला, तसाच परत दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"त्या समितीतल्या बाईंनी बोलावलं होतं," मुलगी पुढे सांगत होती. "म्हणाल्या, पुढच्या सत्रात वाऱ्यावर छोटा प्रयोग करायचा असेल तर प्रयोगशाळा मिळेल."

"मग तू काय म्हणालीस?"

"नाव घेऊन हाक मारली त्यांना आणि हो म्हटलं." घास चावण्याचा आवाज आला. "आई, उद्या फोनची वाट बघू नकोस हं. त्या वेळी प्रयोगशाळा बघायला जायचंय. परवा करीन."

मी बरं म्हटलं. कधी, किती वाजता, सोबत कोण, हे तिन्ही प्रश्न तोंडाशी आले होते. तेवढ्यात दहावीची मुलं जिन्यात भांडताना ऐकू आली, आणि तिनेच फोन ठेवला.