माछ, माचिस आणि लोकरीचे कोट

निर्वासितांना मदत करणाऱ्यांचे किस्से सांगायला बसलं की चहा निवून जातो, किस्से काही संपत नाहीत. कळंबजवळच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये छावणी होती, तिथं मी कारकून होतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांना चांद्याकडे जमीन मिळेपर्यंत आमच्याकडे ठेवलं होतं. त्यांना हवा होता भात. जगभरातून बाकी सगळं येत होतं!

*

भर मे महिन्यात परदेशातून गठ्ठे आले. फोडले तर आत लोकरीचे कोट! आमचे स्टोअरकीपर रज्जाकभाई नेरचे. एक कोट उचलून म्हणाले, "कोट पाठवले, बरं केलं. मंग थंडी काहून नाही पाठवली?"

लोकांनी कोटाच्या घड्या करून उशाला घेतल्या.

*

मग दुधाची पावडर आली. ती पिऊन अर्ध्या छावणीचं पोट बिघडलं. तेवढ्यात कळलं की पाहणीला मोठे साहेब येणार! रंगवायला चुना नव्हता. आमचे छावणीप्रमुख म्हणाले, "पावडर पांढरीच आहे ना? फासा!"

भिंत झकास दिसली. सकाळी मुंग्यांनी ती काळी करून ठेवली.

*

छावणीतल्या म्हातारीला सगळे मासी म्हणत, म्हणजे बंगालीत मावशी. एकदा तिनं हात जोडून मागितलं, "भात आर एकटू माछ." भात स्टोअरमध्ये नव्हताच. रज्जाकभाईंनी माचिसचा अख्खा पुडा तिच्या हातात ठेवला!

"माच मांगून राह्यली होती ना थे?"

मासी रडायलाच लागली. ती मासे मागत होती हे कळल्यावर रज्जाकभाईंनी हात जोडून तिची माफी मागितली. मलाही फार वाईट वाटलं.

*

अखेर वर कुठंतरी मदतीची पद्धत सुधारायचं ठरलं. काय हवं ते निर्वासितांनाच विचारायचं! त्यासाठी एक गोरे साहेब आले. डोक्यावर ऊन, अंगात जाड लोकरीचा कोट आणि घामाच्या धारा.

मासी म्हणाली, "भात."

छावणीप्रमुखांनी लगेच इंग्रजी केलं, "आभार मानतेय!"

मासी ओरडली, "भात! भात!"

"फारच आभार मानतेय!"

त्या दिवशी रज्जाकभाईंनी घरून मासीपुरता भात आणला होता. तेवढ्यात त्यांनी ताट तिच्यासमोर ठेवलं. तिनं साहेबांच्या कोटाची बाही चाचपून पाहिली. गठ्ठ्यातल्या कोटासारखीच होती. मग तिनं अर्धा भात त्यांच्यापुढं सरकवला आणि छावणीत शिकलेल्या मोडक्या हिंदीत विचारलं,

"खाओ बाबा. तुमको कोन भगाया?"