खिडकीतली बाटली

बाटली उन्हाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "नितळ हाय साहेब. ऱ्हावा बिनघोर." मामांची सकाळ अशी सुरू व्हायची. तुम्ही संभाजीनगरात राहत असाल, तर तुमचा बिनघोरपणाही त्याच बाटलीवर चालला होता. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, इतकंच.

तुमच्या नळाला आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना जे मातीचं धरण पाणी देतं, त्याच्या पायथ्याशी झिरपलेलं पाणी वाहून नेणाऱ्या चारीवर मामा राखणदार होते; सगळेच त्यांना मामा म्हणत. मी नवा कनिष्ठ अभियंता. पहिल्याच दिवशी भिंतीच्या बुडाशी पाणी झिरपताना पाहून माझी पाचावर धारण बसली. मामा हसले.

"मडकं झिरपत नाय का? ह्ये बी मातीचंच. गढूळ आलं की मंग भ्या. मंग समजायचं, आतली माती निघाली. तवा बसून ऱ्हायचं नाय, मोठ्या साहेबांना कळवायचं."

रोज सकाळी ते चारीतलं पाणी बाटलीत भरून ऑफिसच्या खिडकीत ठेवत. दुसऱ्या दिवशी तळाशी काही बसलेलं नसेल, तरच नोंदवहीत 'नितळ' लिहीत. चहा त्यानंतर. चहावालासुद्धा आधी खिडकीकडे बघायचा, मग कप भरायचा.

एकदा लेकीच्या लग्नासाठी मामा आठवडाभर रजेवर गेले. उन्हात खाली उतरायचा मला कंटाळा. सोमवारीच सातही दिवसांचा रकाना भरून टाकला, नितळ, नितळ, नितळ. आमच्याकडे अशा वह्या अशाच भरतात. परत आल्यावर मामांनी वही पाहिली, खिडकी पाहिली.

"साहेब, बाटली कोरडी हाय," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला.

मामांचं घर धरणाच्या खालच्या वस्तीत. "बापाचं घर पाण्याखाली गेलं, माझं पाण्याम्होरं हाय," असं ते हसत सांगायचे. ऐकणाऱ्याला हसू येत नसे.

मामा निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. मला बढती मिळाली. त्याच धरणाच्या सुरक्षेचे कागद शहरात माझ्या टेबलावर येऊ लागले.

गेल्या पावसाळ्यात मोठी धरणं आणि शाश्वत विकास या विषयावर चर्चासत्र होतं. मी पाण्यावर बोललो, विजेवर बोललो, जलाशयावर तरंगणाऱ्या सौरपट्ट्यांवरही बोललो. टाळ्या पडल्या. जेवणाच्या वेळी मामा समोर आले. पिशवीतून बाटली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. तळाशी तांबूस थर होता.

"साहेब, समदं बराबर बोललात. पण खाली चारीवर कोण जातंय? मी गेल्तो."

"मामा, पावसाळा आहे. वरून वाहून आलं असेल. वहीत तर रोज नितळ आहे."

"व्हय. ती वही मी बी वळखतो."

ते जेवले नाहीत. बाटली तिथंच राहिली.

दिवाळीनंतर मामा गेल्याचं कळलं. घरच्यांना भेटायला गेलो. अंगणात नातवंडं खेळत होती आणि त्यांच्या डोक्यावर, आभाळाच्या अर्ध्यापर्यंत, धरणाची भिंत. परतताना तिथल्या ऑफिसात थांबलो. वार मंगळवार. वही येत्या रविवारपर्यंत भरलेली होती.

चारीची पायवाट वेड्या बाभळीनं बुजली होती. कित्येक महिन्यांत तिथे कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. सदरा फाडून घेत मी खाली उतरलो आणि तिथल्या खिडकीत धूळ खात पडलेली मामांचीच जुनी बाटली भरून आणली. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता.

बाटली माझ्या ऑफिसच्या खिडकीत ठेवली. दुसऱ्या सकाळी शिपायानं चहा आणला, त्याला थांब म्हटलं. बाटली उन्हाकडे धरली, एक डोळा मिटला. तळाशी नखभर माती बसली होती.

अशा वेळी मोठ्या साहेबांना कळवायचं, हे मामांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मोठा साहेब आता मीच आहे. मामांनी मला कळवलं होतं.