रबरी मासे

मंदीच्या त्या वर्षी सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसत. गळ्यातल्या पासवर त्यांचं नाव होतं, ते मी कधी वाचलं नाही. माणूस पुण्याचा, पक्का शाकाहारी, आणि सुट्टीत क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये प्लास्टिक वितळवून गळाला लावायचे मऊ, रंगीबेरंगी नकली मासे बनवणारा. बोटांवर चटक्यांचे डाग असत.

"पाठ हिरवी, पोट गुलाबी," खिशातला एक मासा वाकवून ते दाखवत. "पहिला रंग गार व्हायच्या आत दुसरा ओतायचा. नाहीतर जोड सुटतो."

"आणि खरा मासा लागला की?"

"सोडून देतो. खायचाय कुणाला?"

कंपनीत तेव्हा कपात चालली होती. साहेब तिला 'नवी दिशा' म्हणत. ती कुणाला लागू झाली हे आधी गेटवरच्या मशीनला कळे. पास लावला की लाल दिवा. म्हणून गेट दिसलं की ते बोलायचं थांबत.

गुरुवारी त्यांचा दिवा लाल झाला. त्यांनी पास शर्टाला पुसून पुन्हा लावला. लालच. मग खिशातली नकली माशांची डबी माझ्या हातात दिली.

"रंग वेगवेगळे ठेवा हं. एकमेकांत उतरतात."

शुक्रवारी गेट दिसल्यावर मी पास आधीच शर्टाला पुसून घेतला.