जुडिथ पेटिफर्डची वारस

व्हर्डेला पेटिफर्ड शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं राबली, पण घराण्याचा विषय निघाला की छाती काढून सांगायची, "आम्ही कधीच कुणाचे गुलाम नव्हतो. आमची जुडिथ सतराशे नव्वदच्या शिरगणतीत मोकळी बाई म्हणून नोंदलेली आहे." नॉर्थ कॅरोलायनातल्या काळ्या माणसाने असं म्हणणं म्हणजे मिरवणंच. मग? का मिरवू नये?

आता जुडिथच्या थडग्यावरून रस्ता जाणार होता. हरकत फक्त वंशजाची चालणार, तीही शुक्रवारी पाचच्या आत. आणि शुक्रवारीच दुपारी एक वाजता कोर्टाच्या दप्तरखान्यातल्या कारकुनाने व्हर्डेलाने मांडलेली वंशावळ परत सरकवली.

"बाई, तुम्ही जुडिथच्या मुलीच्या, कझायाच्या वंशातल्या ना? ही चर्चची वही बघा. कझाया, सतराशे एक्याण्णव, वय दोन, मृत. दोन वर्षांच्या पोरीला वंश कुठून आला?"

व्हर्डेलाची वीस वर्षांची मेहनत! बाहेर येऊन तिने त्र्याण्णव वर्षांच्या ओझेला आत्याला फोन लावला.

"आत्या, कझाया लहानपणीच गेली गं!"

"कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"अगं शहाणे, आपल्यात मेलेल्या पोराचं नाव पाठच्याला देतात. तुझा रॉयल काका दुसरा रॉयल. पहिला घटसर्पाने गेला. एवढे कागद चिवडलेस, घरच्या म्हातारीला विचारलं नाहीस!"

"पण दुसरी कझाया कुठल्याच कागदात नाही."

"बांधून दिलेल्या पोरांचे कागद पाहिलेस?"

त्या काळी कोर्ट मोकळ्या काळ्यांची पोरंही आईपासून ओढून जमीनदाराकडे कामाला बांधून द्यायचं. त्या कागदांची पेटी व्हर्डेलाने कधी उघडलीच नव्हती. आम्ही मोकळे, आमचं तिथे काय काम, ही ऐट नडली.

ती धावत दप्तरखान्यात परतली. पेटीत घडी घातलेले शेकडो कागद. भरभर उलगडावं तर कागद फाटतो, जपून उलगडावं तर घड्याळ पळतं. तीन वाजले. चार वाजले. घामेजलेली बोटं ती पुन्हा पुन्हा स्कर्टला पुसत होती. साडेचारला कागद सापडला: 'जुडिथ पेटिफर्डची मुलगी कझाया, वय नऊ, सन अठराशे दोन. अठरा वर्षांची होईपर्यंत सूतकताईस.' खाली न्यायाधीशाची सही, जमीनदाराची सही. जुडिथची नाही. आईला विचारतंय कोण?

कारकुनाने बोटांवर मोजलं. "म्हणजे जन्म त्र्याण्णवच्या आसपास. पहिली गेल्यावरचा. जुळतंय! अभिनंदन, बाई."

"आईपासून पोर तोडल्याचा कागद आहे हा. अभिनंदन कसलं करतोस?"

तो ओशाळला. "बरं, पण वंशावळीत कझायापुढे 'मोकळी' लिहिलंय तुम्ही. कागदात आहे ते लिहा. लवकर."

तिने पेन उचललं. 'मोकळी' खोडवेना. शेवटी पुढेच लिहिलं, 'तरी बांधून दिलेली'.

चार छप्पन्नला हरकतीवर शिक्का पडला. सुनावणीपर्यंत रस्त्याची खोदाई थांबली; तेवढंच. जिना उतरताना व्हर्डेलाने पुन्हा ओझेला आत्याला फोन लावला.