नातीच्या नावाचा कौल

सन २००६. माझं वय तेव्हा अडुसष्ट. शाळा तिसरीपर्यंत, आणि पुढची चाळीस वर्षं रत्नागिरीकडे चिरेखाणीवर. आधी स्वतः चिरे काढले, मग मुकादम होऊन दुसऱ्यांकडून काढून घेतले. माझ्या शब्दाला खाणीवर कोणी उलट बोललं नाही आणि घरातही नाही. ही बढाई नाही. पुढे जे झालं ते कळायला माणूस कसा होता ते ठाऊक असलेलं बरं. बायको वारल्यावर गावात एकटाच होतो. मुलगा महेश इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. सुनेला, स्मिताला, दिवस गेले तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं. म्हटलं, जाऊ. घरात मोठं माणूस पाहिजे.

एप्रिलच्या सुरुवातीला मुलगी झाली, पण रडली नाही. श्वास धरेना. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी, पायाला वायर, पेटीवर नुसतं बेबी लिहिलेलं. डॉक्टर महेशला इंग्रजीत काहीतरी सांगत होता आणि महेशचा चेहरा उतरत चालला होता. मला एक अक्षर कळत नव्हतं. खाणीत दरड आली तर काय करायचं ते मला कळायचं, इथे हात बांधल्यासारखे झाले. मी उठून कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी गेलो, आमच्या ग्रामदेवतेला, नवलाईला, हात जोडले आणि बोललो, "आई, पोरीला जगव. तिला तुझं नाव देईन." कोणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हे मनातही आलं नाही. नवव्या दिवशी नळी निघाली आणि बाराव्या दिवशी पोरगी घरी आली. देवीने तिचं काम केलं होतं, आता माझं राहिलं होतं.

घरी आल्यावर समजलं की या दोघांनी नाव आधीच ठरवलंय. पहिलं नाव रेवा, मधलं कुसुम. कुसुम म्हणजे स्मिताची आई. नागपूरला वर्षभरापूर्वी वारली, आणि व्हिसाच्या भानगडीत स्मिताला वेळेवर पोचता आलं नव्हतं. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी म्हणालो, "मधे बापाचं नाव असतं. बाईचं नाव मधे कुठे ऐकलंय?"

"इथे मिडल नेम आपल्याला हवं ते ठेवता येतं, बाबा. वडिलांचंच पाहिजे असा काही रूल नाही," महेश म्हणाला.

"रूल इंग्लंडचा. पोरगी आमची."

"माझीपण आहे ना थोडीशी," स्मिता म्हणाली. हसून म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

मग मी नवसाचं सांगितलं. पहिलं नाव नवलाई, मधे महेश, शेवटी आडनाव. झालं. महेशने कपाळाला हात लावला. "अहो बाबा, नवलाई? नर्सरीत टीचर हजेरी कशी घेणार?"

"तुझ्या ऑफिसातल्या गोऱ्यांची नावं घेताना माझी जीभ अडकते. मी कधी तक्रार केली?"

महेश हसला, स्मिता हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "नवस बोलण्याआधी मला एकदा विचारायचं होतंत." मी म्हणालो, "तेव्हा विचारत बसायला वेळ होता का?" खरं तर वेळ होता. ती दोन दारं पलीकडे खाटेवर होती.

इथे बेचाळीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी लागते. दिवस जात राहिले आणि पोरगी नुसती "बाळ"च राहिली. महेशने नोंदणीच्या ऑफिसातली वेळ घेतली, मे महिन्यातल्या एका गुरुवारची. आदल्या सोमवारी मी म्हटलं, आपण भांडतो कशाला, देवीलाच विचारू. कौल लावतो.

आमच्याकडे कौल म्हणजे असं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. हे काम गुरवाचं. गावी फोन करून गुरवाला सांगता आलं असतं, पण मला वाटलं, देवी काय एकट्या गुरवाची आहे? गावाहून आणलेला देवीचा चांदीचा टाक, म्हणजे मुखवटा उठवलेला पत्रा, मी तांब्याला टेकवून उभा केला. स्मिताला भेटायला आलेल्या मैत्रिणीच्या गुच्छातल्या दोन पाकळ्या घेतल्या, भिजवल्या, लावल्या. दुपारची वेळ होती. महेश कामावर, स्मिता वरच्या खोलीत बाळाला घेऊन. मी विचारलं, "आई, पोरीला तुझं नाव ठेवू?"

डावी पडली.

म्हटलं, पाणी कमी लागलं असेल. पुन्हा लावली. पुन्हा डावी. तिसऱ्या वेळी दोन्ही चांगल्या भिजवून लावल्या. कितीतरी वेळ काहीच पडेना. खोलीत हीटर चालू होता, पाकळ्या सुकत चालल्या होत्या. जिन्यावर स्मिताची पावलं वाजली. मी नख लावलं आणि उजवी पाकळी पाडली.

आयुष्यात मी पुष्कळांना दरडावलं, दोनदा मारामारी केली, पण देवाच्या दारात खोटं केलं नव्हतं. ते त्या दिवशी केलं. आणि वर स्मिताला म्हणालो, "बघ. उजवा दिला."

मला वाटलं होतं ती वाद घालेल. शिकलेली पोर, बँकेत नोकरी करणारी. म्हणेल, असलं काही मी मानत नाही. तिने त्या पाकळीकडे बघितलं, मग हातातल्या बाळाकडे बघितलं. "ठीक आहे, बाबा," म्हणाली, आणि परत वर गेली. संध्याकाळी ती बाळाला "नवलाई, दूध पी गं" म्हणताना ऐकलं. एखाद्या पाहुणीला हाक मारावी तशी हाक होती ती. मी जिंकलो होतो आणि मला जेवण जाईना. मंगळवारी पूजेला बसलो तर टाकाकडे मान वर करून बघवेना. ज्या देवीसाठी एवढं केलं तिच्यासमोरच तोंड लपवत बसलो होतो.

बुधवारी देवळात निघालो. कारण सांगितलं की नवसाचा नारळ देऊन येतो. खरं कारण हे की घरात बसवत नव्हतं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून बसचा नंबर आणि उतरायचं ठिकाण स्मिताने कागदावर लिहून दिलं. जिला मी फसवलं तिनेच लिहिलेली चिठ्ठी ड्रायव्हरला दाखवत मी गेलो.

देऊळ गुजराती लोकांचं, आतून लग्नाच्या हॉलसारखं. सकाळी अकराला कोणी नव्हतं. एक म्हातारी तेवढी बाजूला बसून प्रसादाचे आंबे चिरत होती. पांढरी साडी, वरून जाड स्वेटर. मी देवीपुढे नारळ ठेवला. देवीच्या खांद्यावरचं एक फूल हारातून निसटून लोंबत होतं, आता पडेल मग पडेल असं. मी ते नीट बसवायला हात पुढे केला.

"भाई, हाथ मत लगाओ," म्हातारी मागून म्हणाली. "गिरना होगा तो अपने आप गिरेगा. माताजी का काम आप क्यों करते हो?"

माझा हात तसाच राहिला. पाकळीची गोष्ट तोवर मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या बाईला मी कोण, कुठला, हेही ठाऊक नव्हतं. तिने सहज म्हटलं असेल. पण मी तिथेच खाली बसलो. तिने पाणी दिलं आणि विचारलं, तबियत बरी नाही का? मग मोडक्यातोडक्या हिंदीत मी तिला सगळं सांगितलं. नवस, नाव, सून, नख. परक्या माणसापुढे तोंड उघडायला बरं पडतं.

ती ऐकत होती आणि आंबे चिरत होती. माझं संपल्यावर तिने फोड पुढे केली. मी म्हटलं, आप भी लो. ती म्हणाली, "मैं आम नहीं खाती." आणि तिने मला तिची गोष्ट सांगितली. ती दहा वर्षांची असताना तिचा मोठा भाऊ घर सोडून गेला. तिच्या बापाने बाधा घेतली. बाधा म्हणजे त्यांच्यात नवसासाठी एखादी वस्तू सोडणं. मुलगा परत येईपर्यंत ही पोरगी आंबा खाणार नाही, अशी.

"लौटा?" मी विचारलं.

"कहाँ लौटा! बापूजी भी चले गये. मैं साठ साल से काटती हूँ, खाती नहीं." आणि ती एकदम खुदकन हसली. "और बापूजी? वो तो रोज खाते थे. दो-दो!"

मलाही हसू आलं. मग ती हसायची थांबली. "मुझे बहुत भाता था, भाई. किसी ने पूछा था मुझे?" सुरी पुसत तिने विचारलं, "मन्नत किसने मानी, आपने ना? तो अपना कुछ दो. लड़की का नाम तो लड़की का है."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो तेव्हा ती नव्हती. पुजारी म्हणाला, सेवेला पुष्कळ बायका येतात, कोणती म्हणता? त्यानंतर दोन महिने मी तिथे होतो, पण पुन्हा ती भेटली नाही. ती कोण होती यावर मी काही म्हणत नाही. आंबे चिरणारी बाई होती. माझ्यापुढे आली ती त्या दिवशी आली, बुधवारी. शुक्रवारी आली असती तर कागदावर नाव चढलेलं असतं.

संध्याकाळी महेश आल्यावर दोघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगितलं. उभं राहूनच सांगितलं, बसलो असतो तर शब्द फुटला नसता. "कौल दोनदा डावा आला होता. तिसऱ्यांदा मी नखाने पाकळी पाडली. चुकलो." हा शेवटचा शब्द मी खाणीत कधी वापरला नव्हता.

महेश म्हणाला, "बाबा, काय हे!" स्मिताने गॅस बंद केला, ओट्याला पाठ लावून उभी राहिली. मग बोलली ते अगदी हळू. "सोमवारपासून मी झोपले नाहीये, बाबा. हिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसते. नाव मला आवडलं नाही, हे देवीला कळलं आणि हिला परत काही झालं तर? आईच्या वेळी मी पोचले नाही, आता ही पण... असं वाटायचं. आणि तुम्ही एका नखाने केलंत ते."

मी तिला फक्त नावासाठी अडवलं असं समजत होतो. ती जीव मुठीत धरून बसली होती, आणि ती भीती मी देवीच्या नावाने तिच्या घरात घातली होती. ती रडली. महेशने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिने डोळे पुसून विचारलं, "मग तुमच्या नवसाचं काय?"

"तो माझा आहे. मीच फेडीन."

आज मागे वळून बघताना एवढंच कळतं की विचारलं मी आणि उत्तरही मीच दिलं. देवीला मी बोलूच दिलं नाही. तिने मात्र राग धरला नाही. दोनदा नाही म्हणाली, ते मी ऐकलं नाही, तर तिसऱ्यांदा परक्या बाईच्या तोंडून सांगून पाठवलं, तेही हसत. माझ्यासारख्या हट्टी माणसासाठी कोण एवढे हेलपाटे घालतं? नवस बोलावा तर आपल्या अंगावरचा बोलावा. दुसऱ्याच्या ताटातलं देवाला देऊन आपण भक्त ठरत नाही. आणि एकदा तिच्यापुढे प्रश्न ठेवला की हात मागे घ्यावा. मला अडुसष्ट वर्षं लागली, पण हात मागे घेता आला ही तिचीच कृपा. नात वाचली त्याबद्दल मी तिचे पाय धरतो, आणि मी वाचलो त्याबद्दलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर अंघोळ केली, टाकापुढे दिवा लावला आणि महेशचं दाढीचं सामान घेऊन मिशी उतरवली. विसाव्या वर्षापासूनची मिशी. वडील गेले तेव्हा एकदा उतरवली होती, त्यानंतर कोणाची हिंमत झाली नसती तसं म्हणायची. खाली आलो तर महेश चहाचा कप हातात धरून बघतच राहिला. स्मिताने बघितलं आणि मी नवस कसा फेडला ते तिला कळलं. थोड्या वेळाने बाळाला माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "हिला आत्या नाही, बाबा. कानात नाव तुम्हीच सांगा. ऑफिसात सांगायच्या आधी घरात सांगितलेलं बरं." मी वाकलो. मिशी नव्हती म्हणून तिला टोचलं नाही. "कुर्र," मी म्हणालो, "रेवा. रेवा कुसुम." ती झोपलेलीच होती. मग मी तिला टोपडं घातलं आणि आम्ही चौघं बस पकडायला निघालो.